फणसआळंबे : घरगुती उपयोग, त्याच्या मर्यादा आणि घ्यावयाची खबरदारी

कोकण, गोवा आणि बेळगाव या भागांतून येऊन बेंगळुरूत स्थायिक झालेल्या काही मराठी कुटुंबांत बाळगुटीच्या डब्यात हळकुंड, वेखंड, मायफळ, मुरुडशेंग यांच्या जोडीला एक तपकिरी, लाकडासारखा कठीण तुकडा आढळतो. तो फणसाच्या जुन्या खोडावरून काढलेला असतो. बाळाची लाळ फार गळू लागली, कुणाचे तोंड आले किंवा हिरडीतून रक्त येऊ लागले, की घरातील ज्येष्ठ स्त्री तो सहाणेवर उगाळते. हेच फणसआळंबे. बोलीनुसार त्यास फणसांबा असेही म्हणतात.

बसवनगुडी परिसरातील मराठी वाचकांसाठी हे पत्रक लिहिले आहे. फणसआळंबे म्हणजे काय, परंपरेने त्याचा उपयोग कशासाठी होत आला, घरी तयार करताना कोणती काळजी घ्यावी आणि कोणत्या प्रसंगी ते बाजूला ठेवून तत्काळ दवाखाना गाठावा, याची माहिती येथे दिली आहे. परंपरेचा अनादर करणे हा या पत्रकाचा हेतू नाही. तथापि, घरगुती उपायावर विसंबल्यामुळे गंभीर आजाराच्या उपचारास विलंब होऊ नये, हे आपण सर्वांनी पाहिले पाहिजे.

फणसआळंबे म्हणजे काय?

पावसाळ्यात जमिनीतून उगवणारी मऊ, छत्रीसारखी अळंबी आपणांस परिचित आहे. फणसआळंबे तसे नसते. ते झाडाच्या खोडाला आडवे चिकटून वाढणारे, घोड्याच्या खुरासारखे किंवा फळीसारखे दिसणारे कवक आहे. त्याला देठ नसतो. वरचा पृष्ठभाग गडद तपकिरी ते काळपट आणि बहुधा भेगाळलेला असतो. खालच्या बाजूस पडद्यासारख्या पाकळ्या नसून अतिशय बारीक छिद्रे असतात. ते अनेक वर्षे जगते व थरावर थर चढवीत वाढते. त्याची भाजी होत नाही. ते खाण्याचे अळंबे नव्हे.

शास्त्रीय वर्गीकरणात ते फेलिनस या गटात मोडते. मात्र फणसआळंबे हे एकाच जातीचे नाव नाही. पुण्याचे कवकशास्त्रज्ञ वैद्य आणि रब्बा यांनी १९९३ साली लोकवैद्यकातील कवकांविषयी लिहिताना पश्चिम महाराष्ट्रातील या औषधाची नोंद केली. त्यानंतरच्या अभ्यासांतूनही असे दिसले, की या एका नावाखाली फेलिनस गटातील निरनिराळ्या जाती वापरल्या जातात. आजीने वापरलेला तुकडा आणि आज बाजारातून आणलेला तुकडा हे दोन्ही ‘फणसआळंबे’ म्हणवले गेले, तरी ते एकच असतील असे गृहीत धरता येत नाही.

कोरिया, जपान व चीन या देशांतही याच कुळातील कवके औषधी म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या अर्कांवर प्रयोगशाळेत पुष्कळ संशोधन झाले आहे. परंतु प्रयोगशाळेतील परिणाम आणि माणसाच्या शरीरातील परिणाम यांत मोठे अंतर असते. घरी उगाळलेल्या फणसआळंब्याने एखादा रोग बरा होतो, हे सिद्ध करणाऱ्या पुरेशा मानवी चाचण्या उपलब्ध नाहीत. म्हणून त्याकडे पारंपरिक उपाय या नात्यानेच पाहावे. सिद्ध औषध म्हणून नव्हे.

परंपरेतील तीन उपयोग आणि त्यांमागील धोके

परंपरेने फणसआळंबे मुख्यतः तीन तक्रारींवर वापरतात. या प्रत्येक तक्रारीमागे साधे कारणही असू शकते आणि गंभीर आजारही. तुकडा उगाळण्यापूर्वी हा भेद आपण करावयास हवा.

१. बाळाची लाळ गळणे. साधारण तिसऱ्या महिन्यापासून बाळाच्या तोंडात लाळ अधिक सुटू लागते आणि ती गिळण्याची सवय त्यास अद्याप झालेली नसते. दात येण्याच्या काळातही लाळ वाढते. बाळ हसत-खेळत असेल, दूध नीट पीत असेल, तर या लाळेस कोणत्याही औषधाची गरज नाही. लाळेरे बांधावे, हनुवटी मऊ कापडाने टिपावी, एवढे पुरेसे आहे.

याउलट, लाळ एकाएकी गळू लागली, बाळ गिळण्यास नकार देऊ लागले, श्वास घेताना आवाज येऊ लागला किंवा आवाज बसला, तर घशात काही अडकले असण्याची अथवा घशास सूज आली असण्याची शक्यता असते. अशा वेळी बाळाच्या तोंडात बोट घालू नये, काहीही चाटवू नये. ही तातडीची वेळ आहे. बाळास उभे धरून तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळास आईच्या दुधाशिवाय पाणी, मध, गुटी किंवा उगाळलेले कोणतेही औषध देऊ नये. फणसआळंबे यास अपवाद नाही. सहाण, पाणी, बोट आणि बोंडले यांपैकी कोणतीही एक वस्तू अस्वच्छ असली, तरी जुलाबाचे जंतू थेट बाळाच्या पोटात जातात. गुटी मधातून देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. परंतु एक वर्षाखालील बाळास मध दिल्याने बॉट्युलिझम नावाचा, स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध पूर्णतः वर्ज्य समजावा.

२. तोंड येणे आणि हिरडीतून रक्त येणे. प्रौढ व्यक्तीस क्वचित तोंड येते आणि ते बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होते. या काळात उगाळलेल्या लेपाने आराम वाटला, तर त्याचे श्रेय लेपास द्यावे की निसर्गास, हे सांगणे कठीण आहे. मात्र जो व्रण दोन आठवड्यांत भरत नाही, ज्याच्या कडा कठीण लागतात किंवा ज्याबरोबर तोंड उघडण्यास त्रास होतो, त्याची तपासणी झालीच पाहिजे. तंबाखू, गुटखा, सुपारी किंवा मशेरी यांची सवय असणाऱ्यांनी तर एक दिवसही दवडू नये. तोंडाचा कर्करोग आरंभी वेदनारहित असू शकतो आणि लवकर ओळखला गेल्यास बरा होऊ शकतो. तीस वर्षांवरील नागरिकांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत उपलब्ध आहे.

बाळाच्या जिभेवर व गालाच्या आत दह्यासारखे पांढरे चट्टे दिसले आणि पुसूनही ते निघाले नाहीत, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर डॉक्टरांनी सांगितलेले थेंब लागतात. असे चट्टे खरवडू नयेत आणि त्यांवर सहाणेवरील लेप चोळू नये.

रक्त थांबविण्याचा गुण फणसआळंब्यास परंपरेने दिला आहे. दात घासताना किंचित रक्त येणे बहुधा हिरड्यांच्या सुजेमुळे असते. त्यासाठी दंतवैद्याकडे जावे. परंतु ताप असताना हिरडीतून किंवा नाकातून रक्त येऊ लागले, तर ते डेंग्यूच्या गंभीर अवस्थेचे लक्षण असू शकते. बेंगळुरूत पावसाळा आणि त्यानंतरचे महिने डेंग्यूचे असतात. अशा रुग्णाच्या हिरडीवर लेप लावल्याने वरचे रक्त क्षणभर थांबलेसे वाटेल. आतील आजार मात्र वाढत राहील. ताप उतरला म्हणून धोका टळला असेही समजू नये, कारण डेंग्यूतील गुंतागुंत पुष्कळदा ताप उतरतानाच सुरू होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही रक्तस्राव दिसताच आपल्या डॉक्टरांना कळवावे.

३. जुलाब व आव. जुलाबावर फणसआळंबे पोटात देण्याची प्रथा होती. जुलाबात जीव जातो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्याने. मल आटला असे वाटले, तरी गेलेले पाणी लेपाने भरून येत नाही. म्हणून पहिला उपाय ओआरएस हाच होय. एक लिटर स्वच्छ पाण्यात एक पूर्ण पुडी विरघळवावी, थोडे थोडे पाजत राहावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. सोबत मुलास झिंक चौदा दिवस द्यावे : दोन ते सहा महिन्यांच्या बाळास रोज १० मिलिग्रॅम, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलास रोज २० मिलिग्रॅम. स्तनपान व नेहमीचा आहार चालू ठेवावा. मलात रक्त दिसणे, डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, मूल सुस्त पडणे किंवा पाणीही न टिकणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास दवाखान्यात जावे.

तुकडा कोठून घ्यावा?

बसवनगुडी ही १८९८ च्या प्लेगनंतर, दाट पेठेबाहेर मोकळी हवा मिळावी म्हणून वसविलेली वस्ती. जुन्या वस्तीत जुनी झाडेही असतात. घराच्या आवारातील फणसावर किंवा रस्त्याकडेच्या झाडावर असे कवक दिसले, की ते काढून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण, ओळखीचे. खोडावर वाढणारी फळीसारखी कवके अनेक असतात. फणसावर उगवले म्हणून ते फणसआळंबे ठरत नाही. दुसरे कारण, प्रदूषणाचे. कवके आपल्या परिसरातील जड धातू शोषून घेतात. वाहनांच्या वर्दळीतील किंवा कीटकनाशक फवारलेल्या झाडावरील तुकडा औषधास योग्य नव्हे. तिसरे कारण झाडाचेच आहे. हे कवक लाकूड कुजवून जगते. खोडावर ते दिसू लागले, याचा अर्थ आतील लाकूड आधीच पोखरले गेले असण्याचा संभव आहे. असे झाड वादळी पावसात कोसळू शकते. म्हणून तुकडा काढून घरी नेण्यापेक्षा झाडाची माहिती पालिकेच्या वन विभागास देणे अधिक हिताचे आहे.

ग्रंधिगे अंगडीतून, म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानातून, सुटा तुकडा घेताना तो नोंदणीकृत आयुर्वेद वैद्यांस दाखवून घ्यावा. तयार चूर्ण किंवा गोळी घेतल्यास वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक, घटक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख पाहावी. नाव-गाव नसलेली पुडी घेऊ नये. चूर्णात काय दळले आहे, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

घरी वापर करावयाचाच असल्यास

फणसआळंबे लावावेच, अशी शिफारस हे पत्रक करीत नाही. परंतु ज्या घरी ही पद्धत चालू आहे, तेथे पुढील मर्यादा पाळल्यास धोका पुष्कळ कमी होतो. हा वापर प्रौढ व्यक्तीच्या साध्या तोंड येण्यापुरताच, वैद्यांच्या सल्ल्याने आणि केवळ बाहेरून लावण्यासाठी असावा.

• तुकड्यावर पांढरी, हिरवी किंवा काळी बुरशी, कीड अथवा कुबट वास असल्यास तो टाकून द्यावा. बुरशी खरवडून उरलेला भाग वापरू नये.
• तुकडा वाहत्या पाण्याखाली ब्रशने स्वच्छ घासावा, कोरडा करावा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ओल लागणार नाही अशा जागी ठेवावा. बरणीवर नाव व आणल्याची तारीख लिहावी.
• औषधासाठी सहाण वेगळी ठेवावी. देवपूजेच्या चंदनाची किंवा अन्य वनस्पती उगाळण्याची सहाण वापरू नये. वापरण्यापूर्वी ती गरम पाण्याने धुवावी.
• हात साबणाने धुवावेत. उगाळण्यासाठी उकळून निवविलेले पाणीच घ्यावे.
• थोड्या पाण्यात मोजके वेढे द्यावेत. लेपात कण राहिल्यास तो स्वच्छ पातळ कापडातून गाळून घ्यावा.
• स्वच्छ बोटाने व्रणावर लावावे, काही मिनिटांनी चूळ भरून थुंकून टाकावे. गिळू नये.
• उरलेला लेप साठवू नये. प्रत्येक वेळी ताजा करावा.
• तीन दिवसांत आराम न पडल्यास थांबावे. ओठ किंवा जीभ सुजणे, अंगावर पित्त उठणे, आग होणे असे काही दिसल्यास तत्काळ थांबावे. श्वासास त्रास झाल्यास रुग्णालय गाठावे.

गर्भवती व स्तनदा माता, पाच वर्षांखालील मुले, मूत्रपिंड किंवा यकृताचे रुग्ण, अवयव प्रत्यारोपण झालेले, तसेच मधुमेहाची अथवा रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण यांनी हा उपाय स्वतःच्या मनाने करू नये.

काढा व चूर्ण यांविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. ‘रोगप्रतिकारशक्ती वाढते’, ‘गाठ विरघळते’ अशा संदेशांवर विश्वास ठेवून काही जण झाडावरील कवकांचा काढा महिनोन्महिने पितात. याच कुळातील चागा नावाच्या कवकात ऑक्सलेट मोठ्या प्रमाणात असते. यकृताच्या कर्करोगासाठी त्याचे चूर्ण सहा महिने रोज घेतलेल्या एका वृद्ध जपानी महिलेची मूत्रपिंडे निकामी झाल्याची नोंद २०१४ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दाने सुरक्षिततेची हमी मिळत नाही. कर्करोगाचे उपचार चालू असल्यास आपण घेत असलेला प्रत्येक काढा व चूर्ण डॉक्टरांना सांगावे. संकोच करू नये. हे सांगितल्याने उपचारात मदतच होते.

एका अळंब्याची ओळख दुसऱ्यास लागू नाही

फणसआळंब्याच्या परंपरेचा सर्वांत घातक परिणाम होतो, तो ‘आपल्याला अळंबी कळतात’ हा विश्वास निर्माण झाल्याने. गावी वारुळावर उगवणारी अळंबी ओळखून खाणारी माणसे शहरात आल्यावर बागेतील, मैदानातील, घराच्या हिरवळीवरील पांढऱ्या छत्र्याही तशाच समजून उचलतात. हिरवळीवर उगवणारी क्लोरोफायलम नावाची पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री खाण्याच्या अळंबीसारखीच दिसते आणि खाल्ल्यावर काही तासांत तीव्र उलट्या-जुलाब होतात. अमॅनिटा गटातील काही जाती याहून भयंकर आहेत. त्यांचे विष शिजविल्याने, वाळविल्याने किंवा मीठ-हळदीच्या पाण्यात ठेवल्याने नष्ट होत नाही.

चांदीचा चमचा काळा न पडणे, सोबत शिजविलेल्या लसणाचा किंवा तांदळाचा रंग न बदलणे, किड्यांनी अळंबी खाल्लेली असणे, या कसोट्यांस कोणताही आधार नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातील अळंबी खाल्ल्याने तेरा जणांचा मृत्यू झाला. रानात राहणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या अळंबी गोळा करणाऱ्या माणसांचीही फसगत होते, हे ध्यानात घ्यावे.

अळंबी खावयाची असल्यास लागवड केलेली धिंगरी किंवा बटण अळंबी घ्यावी. घरी लागवड करावयाची असल्यास बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेत अळंबी संशोधनाचे काम चालते. तेथे मार्गदर्शन घेता येईल.

रानातील अळंबी पोटात गेल्यास

विषारी अमॅनिटाची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात. उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस रुग्णास बरे वाटते. घरचे निश्चिंत होतात. परंतु याच काळात यकृताची हानी चालू असते आणि त्यानंतर कावीळ, रक्तस्राव व बेशुद्धी येते. म्हणून ‘आता बरे वाटते’ हे रुग्णालय टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

• लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात जावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा आपत्कालीन साहाय्यासाठी ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.
• नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विषविज्ञान माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असा आहे.
• ओकारी काढण्यासाठी मीठ-पाणी पाजू नये. दूध, तूप, ताक अथवा लेप यांचा प्रयोग करू नये.
• उरलेली अळंबी, शिजविलेली भाजी किंवा टाकलेले देठ कागदी पिशवीत घेऊन जावे. त्यावरून जात ओळखण्यास मदत होते.
• तीच भाजी खाल्लेल्या घरातील प्रत्येकाने, त्रास नसला तरी, तपासून घ्यावे.
• किती वाजता खाल्ली आणि त्रास किती वाजता सुरू झाला, हे लिहून डॉक्टरांस द्यावे.

आयुर्वेदिक किंवा अन्य कोणत्याही औषधाने अपाय झाल्याचे वाटल्यास तो आपल्या डॉक्टरांस अथवा वैद्यांस अवश्य कळवावा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८०० १८० ३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही करता येते. अशा नोंदींमुळे पुढील रुग्णाचा अपाय टळतो.

घरातील ज्येष्ठांशी बोलताना

अनेकदा अडचण माहितीची नसून मनाची असते. सासूबाईंनी किंवा आजींनी प्रेमाने उगाळलेला लेप नाकारणे सुनेस जड जाते आणि ज्येष्ठांना तो आपल्या अनुभवाचा अपमान वाटतो. अशा वेळी वाद न घालता हे पत्रक त्यांना वाचून दाखवावे. लसीकरणाच्या दिवशी त्यांनाही सोबत न्यावे आणि परिचारिकेस अथवा डॉक्टरांस त्यांच्यासमोरच विचारावे. बाळाच्या अंगास तेल लावणे, त्यास उन्हाची ऊब देणे, मातेच्या आहाराकडे लक्ष पुरविणे, या कामांत ज्येष्ठांचा अनुभव अमोल आहे. तो तेथे वापरावा. उगाळलेले औषध मात्र सहा महिन्यांखालील बाळाच्या ओठांपर्यंत जाऊ नये.

सारांश

फणसआळंबे ही कोकणातील लोकवैद्यकाची जुनी ठेव आहे. ती जपावी, तिची नोंद व्हावी, तिच्यावर संशोधन व्हावे. परंतु गळणारी लाळ, न भरणारा व्रण, तापातील रक्तस्राव आणि बाळाचे जुलाब यांना आधी निदान हवे, उपाय नंतर. सहाण हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा : या तक्रारीमागे थांबण्यास वेळ नसलेला आजार तर नाही ना? उत्तर निश्चित देता येत नसेल, तर तुकडा डब्यात परत ठेवावा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात जावे.